वसतिगृह आपले, शाळा सर्वांची

जालना हे बियाण्यांचे गाव. मृग जवळ आला की शेतकरी दुकानाच्या दारात पिशवी उलटीपालटी करून पाहतो, उगवण किती टक्के ते विचारतो, पावती मागून घेतो आणि मगच पैसे मोजतो. त्याच महिन्यात तोच बाप आपल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला कोणत्या शाळेत घालायचे, हे ठरवतो. तेव्हा पुष्कळदा एवढीही चौकशी होत नाही. मामूंनी सांगितले, शेजारच्याचा मुलगा तिथे आहे, जुम्याला कोणीतरी पत्रक वाटले, एवढ्यावर मुलाची पेटी बांधली जाते.

मुलाला घरी ठेवून शाळेत धाडायचे की दूर कुठे ठेवून शिकवायचे, हा प्रश्न आपल्या घरांत नवा नाही. गेली दीडशे वर्षे आपले वाडवडील याच प्रश्नाशी झगडत आले. कोणी नवाबी थाटाच्या बोर्डिंगचे स्वप्न पाहिले, कोणी चंद्याच्या भाकरीवर मदरसे चालवले, कोणी सरकारी पैशाला लाथ मारून झोपड्यांत शाळा भरवली. या सगळ्या प्रयोगांचा हिशेब मांडला तर आज जालन्यातल्या बापाला काही सांगता येईल काय, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दोन जुने शब्द

इंग्रजांनी आपल्याला 'डे स्कूल' आणि 'बोर्डिंग स्कूल' असे दोन शब्द दिले. आपल्याकडे त्याआधीपासून 'मकतब' आणि 'मदरसा' असे दोन शब्द होतेच. मकतब म्हणजे मोहल्ल्यातले. फजरनंतर किंवा असरनंतर तास-दोन तास मूल जाते, कायदा-सिपारा शिकते आणि घरी परत येते. राहिलेला दिवस त्याला शाळेसाठी मोकळा असतो. मोठा मदरसा मात्र बहुधा निवासी असतो. मूल तिथेच शिकते, तिथेच जेवते आणि तिथल्या दारुल इकाम्यातच झोपते. सच्चर समितीने २००६ च्या आपल्या अहवालात हा फरक मुद्दाम स्पष्ट केला. शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात शिकणारी मुले सुमारे ३ टक्केच आहेत, असेही समितीने दाखवून दिले. मकतब आणि मदरसा यांची गल्लत झाल्यामुळेच आपली सगळी मुले मदरशात जातात, असा समज बाहेर पसरला होता.

निवासी मदरशाचे आजचे रूप १८६६ मध्ये देवबंदला घडले. सरकारी अनुदान घ्यायचे नाही, एखाद्या अमीराच्या जहागिरीवर अवलंबून राहायचे नाही, सामान्य माणसाच्या चंद्यावर चालवायचे, हे तत्त्व मौलाना कासिम नानोतवी यांनी घालून दिले. 'स्वतंत्र शाळा' या शब्दाचा याहून सरळ अर्थ सापडणे कठीण आहे. शिवाय तिथे फी नव्हती. गरिबाच्या मुलाला पोटभर जेवण, अंथरूण आणि इज्जत मिळाली. आपल्याकडचे शिकलेले लोक मदरशाबद्दल बोलताना ही गोष्ट विसरतात. बाप मुलाला तिथे धाडतो ते केवळ धर्मासाठी धाडत नाही. घरात खाणारी तोंडे जास्त असतात आणि फुकट ठेवून घेणारी दुसरी जागा त्याला कोणी दाखवलेली नसते.

असईची लढाई आणि ईटनचे मैदान

निवासी शाळेचे दुसरे स्वप्न विलायतेतून आले, आणि गंमत अशी की त्याचा एक धागा जालना जिल्ह्यातूनच जातो. भोकरदन-जाफराबादच्या पट्ट्यात केळणा आणि जुई या नद्यांच्या संगमाजवळ असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे आर्थर वेलस्लीने शिंदे आणि भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. हाच माणूस पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरवून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजला. वॉटर्लूची लढाई ईटन शाळेच्या खेळाच्या मैदानावरच जिंकली गेली होती, अशा अर्थाचे एक वाक्य त्याच्या तोंडी घातले जाते. तो हे बोलल्याचा पुरावा नाही. १८५२ मध्ये तो वारला आणि त्यानंतर ही गोष्ट छापून येऊ लागली. ईटनमध्ये तो जेमतेम तीन वर्षे होता आणि तिथे तो रमलाही नव्हता.

तरी ही दंतकथा आपल्या देशात खरी मानली गेली. राज्य करणारी माणसे बोर्डिंगात घडतात, असे संस्थानिकांना पटवण्यात आले. राजकोटचे राजकुमार कॉलेज आणि १८७५ मध्ये अजमेरला सुरू झालेले मेयो कॉलेज ही त्याची फळे. जालना तेव्हा ज्या हैदराबाद संस्थानात होते, तिथे १९२३ मध्ये बेगमपेठेत जागीरदार कॉलेज निघाले. नमुना ईटनचा, आणि प्रवेश जहागीरदारांच्या मुलांना. जालन्याचा विणकर, अंबडचा बागवान, परतूरचा कसाई यांच्या मुलांचा तिथे प्रश्नच नव्हता. संस्थान संपले, जहागिरी गेल्या, आणि १९५१ मध्ये त्याच शाळेचे हैदराबाद पब्लिक स्कूल झाले. दार उघडले खरे, पण फीचा उंबरठा राहिलाच.

त्या काळचे राज्यकर्ते आपल्या धर्माचे होते, म्हणून शाळाही आपली होती असे मानायची सवय आपल्या मराठवाड्यात अजून आहे. शाळा कोणाची, हे ती चालवणाऱ्याच्या नावावरून ठरवता येत नाही. तिच्या बाकावर कोण बसते ते पाहावे लागते.

अलीगढ, इटावा आणि जामिया

सर सय्यद अहमद खान १८६९-७० मध्ये विलायतेत राहून आले. मुलगा घराच्या सुस्त वातावरणातून बाहेर काढून एका छपराखाली इतरांबरोबर ठेवल्याशिवाय त्याला खरी तरबियत मिळणार नाही, असे त्यांचे मत पक्के झाले. १८७५ मध्ये अलीगढला मदरसतुल उलूम सुरू झाले आणि दोन वर्षांत त्याच्या कॉलेजची पायाभरणी झाली. हैदराबादच्या सालारजंगांनी या कामाला हातभार लावला. हैदराबादेत वर्षानुवर्षे नोकरी केलेले मोहसिनुल मुल्क पुढे १८९९ मध्ये कॉलेजचे सचिव झाले. या कॉलेजचा पहिला पदवीधर ईश्वरी प्रसाद नावाचा हिंदू तरुण होता. अलीगढचे दार धर्माच्या बाबतीत बंद नव्हते. ते पैशाच्या बाबतीत अरुंद होते. बोर्डिंगचा खर्च झेपेल अशा घरांतली मुलेच प्रामुख्याने तिथे पोचली. कारागीर जमातींची मुले फार उशिरा आली.

त्या मानाने इटाव्याचे इस्लामिया हायस्कूल साधे होते. हैदराबादेत १८९७ मध्ये जन्मलेल्या एका मुलाचे वडील १९०७ मध्ये वारले आणि भावंडांसह त्याला इटाव्याच्या बोर्डिंगात ठेवण्यात आले. चार वर्षांनी, तो तिथे असतानाच, प्लेगने त्याची आईही गेली. हा मुलगा म्हणजे डॉ. झाकीर हुसेन. १९६७ मध्ये ते देशाचे राष्ट्रपती झाले. बोर्डिंगने काय दिले, हे त्यांच्या चरित्रातून नेहमी सांगितले जाते. बोर्डिंगमुळे काय हुकते, तेही त्याच चरित्रात आहे. मुलाला दूर ठेवणाऱ्या आईबापांनी दोन्ही वाचावे.

१९२० मध्ये असहकाराच्या लाटेत अलीगढमधूनच एक गट बाहेर पडला आणि जामिया मिल्लिया इस्लामिया उभी राहिली. सरकारी अनुदान नको, हा तिचा पहिला बाणा होता. १९२५ मध्ये ती दिल्लीला आली. पैसे संपले तेव्हा, १९२८ मध्ये, झाकीर हुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महिना १५० रुपयांपेक्षा जास्त पगार न घेता वीस वर्षे काम करण्याची शपथ घेतली. आज एखादी खाजगी निवासी शाळा आपल्या माहितीपत्रकात इमारतीचे फोटो छापते, तेव्हा आम्हाला ही शपथ आठवते. स्वतंत्र शाळेचा पाया शिक्षकाच्या निष्ठेवर असतो. तिथला मास्तर दर वर्षी बदलत असेल, तर घोड्यांच्या रपेटीचा आणि पोहण्याच्या तलावाचा उपयोग नाही.

निजामी राज्यातला उलटा आरसा

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १८८४ पासून हैदराबादच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले, आणि देशी भाषेत उच्च शिक्षण देता येते हे त्याने साऱ्या हिंदुस्थानाला दाखवले. मराठवाड्यातल्या मराठी घरांना मात्र ती भाषा आपली वाटत नव्हती. म्हणून त्यांनी स्वतःच्या शाळा काढल्या. १९१५ मध्ये औरंगाबादला सरस्वती भुवन निघाली. १९२१ मध्ये, जामियाच्या पाठोपाठ आणि त्याच राष्ट्रीय शिक्षणाच्या लाटेत, आजच्या धाराशिव जिल्ह्यात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा निघाली. ती खऱ्या अर्थाने स्वतंत्र आणि निवासी होती. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिक्षक होते आणि हैदराबाद मुक्तीलढ्याचे कार्यकर्ते तिथल्या साध्या खोल्यांतून बाहेर पडले. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकातच बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली होती आणि तिच्यासोबत शाळाही आली. जालन्याच्या व्यापारी पेठेतल्या गुजराती आणि जैन समाजांनीही आपापली विद्यालये काढली.

आपण मात्र निश्चिंत राहिलो. सरकारी शाळेची भाषा उर्दू, कचेरीची भाषा उर्दू, मग वेगळी संस्था काढण्याची गरज काय, असे वाटणे साहजिक होते. शहरातल्या नोकरदार मुस्लिमांचे त्यावर भागलेही. खेड्यातला आपला माणूस, जो घरात दखनी आणि शिवारात मराठी बोलत होता, तो त्या उर्दू शाळेपर्यंतही क्वचितच पोचला. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान संपले. काही वर्षांत कचेरीची भाषा बदलली, शाळांची माध्यमे बदलली, आणि ज्यांच्याजवळ स्वतःची एकही संस्था नव्हती ते सर्वांत आधी उघड्यावर आले. जी शाळा राज्याच्या छायेत उभी असते ती राज्याबरोबर जाते, हा धडा आपल्या पिढ्यांनी फार महाग शिकला.

पुढे वाटा निघाल्या. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला कॉलेज काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले, आणि खेड्यापाड्यांतली दलित मुले तिथल्या वसतिगृहांत राहून शिकली. १९६३ मध्ये डॉ. रफिक झकेरिया यांनी मौलाना आझाद कॉलेज उभे केले. जालन्याची मुले पुष्कळ वर्षे शिकायला औरंगाबादलाच गेली. १ मे १९८१ रोजी जालना वेगळा जिल्हा झाला, तरी ती वाट बंद झाली नाही.

कोल्हापूरने काढलेली तोड

मदरसा, पब्लिक स्कूल आणि अलीगढ या तिन्ही वाटांत राहणे आणि शिकणे एकाच भिंतीच्या आत होते. राजर्षी शाहू महाराजांनी या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. आम्हाला ही त्यांची सर्वांत मोठी सूझ वाटते. शाळा कोल्हापुरात होतीच. खेड्यातल्या मुलाला अडचण होती ती शहरात राहायचे कुठे आणि खायचे काय याची. म्हणून १९०१ पासून त्यांनी जातीजमातींची बोर्डिंगे उभी करायला सुरुवात केली. मुलगा बोर्डिंगात झोपे आणि दिवसा शहराच्या शाळेत सर्वांबरोबर बसे.

मुस्लिम समाजातून कोणी पुढे येईना, तेव्हा महाराजांनी काही मुस्लिम मुलांना व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगमध्येच जागा दिली. १९०६ मध्ये त्यांनी मुस्लिम मंडळींची सभा बोलावली. त्यातून किंग एडवर्ड मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि तिचे अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतले. दसरा चौकातली मुस्लिम बोर्डिंगची वास्तू आजही उभी आहे. एका हिंदू राजाने आपल्या मुलांसाठी बोर्डिंग काढले, याचा आपण वारंवार अभिमानाने उल्लेख करतो. महाराजांनी आपल्यासाठी वेगळी शाळा काढली नाही, याचा उल्लेख फारसा होत नाही. मुलाला नमाज, रोजा, जेवण आणि आपल्या माणसांची सोबत बोर्डिंगात मिळाली. गणित, इंग्रजी, मराठी आणि शेजारचा मित्र शाळेत मिळाला. दीन आणि दुनिया यांची वाटणी त्यांनी अशी केली की दोहोंचेही नुकसान होऊ नये.

त्याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढचे पाऊल टाकले. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था आणि १९२४ मध्ये साताऱ्यात निघालेले वसतिगृह ही ती पावले. तिथे मराठा, महार, जैन, मुस्लिम मुले एकाच पंगतीला बसली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले आणि त्याला शाहू महाराजांचे नाव मिळाले. कोल्हापुरात जमातीजमातींची बोर्डिंगे होती, साताऱ्यात ती भिंतही पडली.

आज जालन्यात

आजचा जालन्याचा बाप काय काय पाहतो? गावातली जिल्हा परिषदेची शाळा आणि जोडीला मकतब. तालुक्याची उर्दू शाळा. सहावीच्या परीक्षेतून निवड करणारे, जिल्ह्याचे नवोदय विद्यालय. ही योजना १९८६ च्या धोरणातून रुजली आणि तिथे राहणे-जेवणे मोफत आहे. निवासी मदरसा. शिवाय गेल्या दोन दशकांत महामार्गांच्या कडेने उगवलेल्या खाजगी इंग्रजी शाळा, ज्यांत काही मुले ये-जा करतात आणि काही राहतात. अंबड, घनसावंगी, मंठ्याकडची जी घरे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची सरकारी योजनाही आहे. ती नीट चालली तर पोरगा कोयत्यामागे न जाता गावीच शिकतो.

याच जिल्ह्यात बदनापूर तालुक्यातल्या वरुडी इथे अक्कलकुव्याच्या मदरशाच्या संस्थेने वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय उभे केले आहे. मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी २०२५ मध्ये अल्लाहला प्यारे झाले. निवासी मदरसा चालवणारे हात शवविच्छेदनाचा हॉलही बांधू शकतात, हे त्यांच्या संस्थेने जालन्याच्या मातीत दाखवले. मदरसा की शाळा असे दोन डोंगर समोर उभे करून भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी वरुडीला एकदा जाऊन यावे.

इतक्या इतिहासातून बापाच्या हाती काही साधे प्रश्न द्यावेत असे आम्हाला वाटते. मुलाला दहावीला बसवणार का? शाळेतून, १७ नंबरच्या फॉर्मवर की मुक्त विद्यालयातून? कोणत्या वर्षी? उत्तर 'पाहू' असे आले तर पेटी उचलून परत यावे. हिफ्ज करणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे, कारण त्याची कोवळी तीन-चार वर्षे त्यात जातात आणि पुढचा जोड आधीच ठरलेला नसेल तर तो कायमचा मागे पडतो. तिथे मराठी शिकवतात का? या राज्यात तलाठ्यापासून न्यायालयापर्यंत मराठीशिवाय चालत नाही. मास्तर किती वर्षांपासून तिथे आहेत? रात्री मुलांजवळ कोण असते? आईबापांना न कळवता येऊन भटारखाना, न्हाणीघर आणि झोपायची खोली पाहता येते का? मुलाला घरी फोन करता येतो का? मारहाण किंवा त्याहून वाईट काही घडले, तर मुलांच्या लैंगिक संरक्षणाचा २०१२ चा कायदा मदरशाला, कॉन्व्हेंटला आणि आश्रमशाळेला सारखाच लागू आहे, हे संचालकांनाही ठाऊक असावे आणि बापालाही. शेवटचा प्रश्न म्हणजे तिथे गरिबाची किती मुले आहेत? शिक्षणहक्क कायद्यातला २५ टक्के राखीव जागांचा नियम अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. कायद्याने सूट मिळाली, म्हणून दीनाने घातलेली जबाबदारी सुटते असे नाही.

आणखी एक गोष्ट. हा सगळा इतिहास मुलांच्या शाळांचा झाला, कारण दीडशे वर्षे चर्चा मुलांचीच झाली. अलीगढमध्ये शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी १९०६ मध्ये मुलींची शाळा काढली आणि १९१४ मध्ये तिचे बोर्डिंग सुरू झाले. मुलांच्या बोर्डिंगनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. आपल्या खेड्यांत आजही गावची शाळा सातवीला संपली की भाऊ शहरात राहायला जातो आणि बहीण चुलीपाशी बसते. वसतिगृहाची गरज तिला भावापेक्षा जास्त आहे, कारण रोज एसटीने ये-जा करण्याची मुभाही तिला मिळत नाही.

आपल्याकडे थोडा पैसा जमला की लोक म्हणतात, आपली एक मोठी निवासी शाळा हवी. जमीन, कंपाउंड, कमान, गणवेश. ती उभी राहिली तर तिचे स्वागतच आहे. परंतु तिला कोट्यवधी रुपये लागतील आणि ते परत मिळवायला फी लागेल, मग पुन्हा तोच बागवान आणि तोच कसाई कमानीबाहेर राहील. त्याच पैशात जालना, अंबड, परतूर, भोकरदन, जाफराबाद, बदनापूर, घनसावंगी आणि मंठा या आठही तालुक्यांच्या गावी वीस-वीस मुलांची आणि वीस-वीस मुलींची साधी वसतिगृहे भाड्याच्या घरांत सुरू करता येतील. स्वयंपाकाला एक बाई, देखरेखीला एक सच्चा माणूस आणि रात्री अभ्यासाला दिवा, एवढे पुरेल. मुले फजरला उठतील, सबक म्हणतील, नाश्ता करतील आणि दप्तर घेऊन गावाच्या शाळेत जातील, जिथे सगळ्या गावाची मुले येतात.

जकात, सदका, चंदा यांचा ओघ आपल्याकडे कमी नाही. या रमजानमध्ये प्रत्येक तालुक्यातल्या चार जाणत्यांनी एकत्र बसून आपल्या गावापुरता एवढाच हिशेब मांडावा: वीस मुलांची वर्षाची भाकरी किती रुपयांत होते? आकडा समोर आला की पुढचे काम अवघड नाही.